आजारी मुलाचा दिवस कोणाच्या खात्यावर?

पाळणाघरात मुलाचं नाव घालताना नियमांचा जो कागद सहीसाठी पुढे येतो, त्यात एक ओळ हमखास असते: औषधाशिवाय ताप उतरून चोवीस तास झाल्याखेरीज मुलाला आणू नये. खाली जुलाब, उलट्या, पुरळ, डोळे येणं यांची यादी. सही करताना ही ओळ कुणालाच खटकत नाही, कारण दुसऱ्याचं आजारी मूल आपल्या मुलाशेजारी बसू नये असं प्रत्येकालाच वाटत असतं. ती बोचायला लागते पहिल्या पावसाळ्यात. सकाळी साडेअकराला फोन येतो, ‘अंग गरम लागत होतं म्हणून मोजला, तर एकशे एक आहे. लगेच या.’ हिंजवडीहून कर्वेनगरला लगेच म्हणजे किती वेळात पोचतात, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. पोचेपर्यंत पाळणाघरातल्या ताईंचे आणखी दोन फोन होतात. दारात आई आणि ताई दोघीही चिडलेल्या असतात. एकीला वाटतं, एवढ्याशा तापासाठी काय धावत बोलवायचं? दुसरीला वाटतं, सकाळपासूनच अंगात कणकण असणार, तरी आणून सोडलं.

माझ्या दोन्ही मुलांची पाळणाघराची वर्षं पुण्यात गेली आणि या दारातल्या चिडचिडीची दोन्ही टोकं मी जवळून पाहिली. त्यावरून मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. लहान मूल आजारी पडणार हे ठरलेलं आहे. त्या दिवशी कुणीतरी मोठ्या माणसानं हातातलं काम सोडून त्याच्याजवळ बसायचं आहे. त्या दिवसाला किंमत आहे, आणि ती किंमत मालकानं, सरकारनं आणि बापानं मिळून आई आणि ताई या दोघींवर ढकलून दिली आहे. ज्यांनी बिल भरायचं ते तिघे दारात हजरच नसतात, म्हणून या दोघी एकमेकींशी भांडतात. नियम कडक असावा की सैल, हा वाद त्यानंतरचा.

आधी आजारपणाबद्दल. एक ते तीन वर्षांच्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं यात काहीही वावगं नाही. पाळणाघरात जाणाऱ्यांना, विशेषतः पहिल्या वर्षी, त्याहून जास्त वेळा होते. सर्दी आणणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत आणि मूल त्यातल्या प्रत्येकाला पहिल्यांदाच भेटत असतं. आईकडून जन्मतः मिळालेली प्रतिकारशक्ती पहिल्या काही महिन्यांत ओसरत जाते. आपल्याकडची बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची. म्हणजे मुलाची उसनी ढाल उतरते तेव्हाच आईची रजा संपते आणि तेव्हाच ते दहा-पंधरा मुलांच्या खोलीत जातं, जिथे प्रत्येक ठोकळा आधी कुणाच्या तरी तोंडात जाऊन आलेला असतो. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टुसॉन शहरात मुलांचा जन्मापासून तेराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा करणारा एक अभ्यास झाला. २००२ साली त्याचे जे निष्कर्ष छापून आले त्यात दिसलं की, मोठ्या पाळणाघरात वाढलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी सर्दी जास्त झाली, पण सहा ते अकरा या शाळेच्या वयात ती घरी वाढलेल्या मुलांपेक्षा कमी झाली. तेराव्या वर्षापर्यंत फरक मिटला. ‘पाळणाघरात टाकलं म्हणून पोर सारखं आजारी पडतं’ हे वाक्य नोकरी करणाऱ्या आईला सासरी-माहेरी दोन्हीकडे ऐकवलं जातं. त्यातला आरोप खोटा आहे. ही आजारपणं टळणारी नसतात, पाळणाघरात ती लवकर येतात एवढंच.

आता हिशोब मांडू. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ नैमित्तिक रजा दिल्या. मूल वर्षात आठ वेळा आजारी पडलं आणि ‘चोवीस तास’वाल्या नियमामुळे दर वेळी दोन-तीन दिवस घरी राहिलं, तर सोळा ते चोवीस दिवस झाले. स्वतःचं आजारपण, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मावसभावाचं लग्न, सोसायटीतलं पाइपलाइनचं काम, हे सगळं उरलेल्या शून्य रजांमध्ये बसवायचं. दोन मुलं असतील तर थोरल्याचा ताप उतरतो त्या दिवशी धाकट्याला चढतो. मग कमावलेली रजा जाते, मग बिनपगारी सुरू होते. पाळणाघराची महिन्याची फी मात्र पूर्ण भरायची असते, डॉक्टरांची फी वेगळी. एकाच दिवसाचे पैसे तीन ठिकाणी जातात, आणि वर अप्रेझलमध्ये ‘उपलब्धता’ या रकान्यात कमी गुण.

नियम वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे का? काही बाबतींत आहे, बऱ्याच बाबतींत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पाळणाघरांना जे मार्गदर्शन केलं आहे, त्याचा गाभा साधा आहे. मूल नेहमीसारखं खेळण्यात-खाण्यात भाग घेतंय का? त्याची जितकी काळजी घ्यावी लागतेय, त्यापायी बाकीच्या मुलांकडे दुर्लक्ष होतंय का? आणि हा आजार घरी ठेवल्यानं खरोखर पसरायचा थांबतो का? या कसोटीवर नुसतं नाक गळणं हे घरी पाठवायचं कारण ठरत नाही, मग शेंबूड पांढरा असो की हिरवा. सर्दीचा विषाणू लक्षणं दिसण्याच्या आधीपासून पसरायला लागतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर पुण्या-मुंबईच्या पालकांच्या ग्रुपवर ज्याची दहशत असते त्या हँड-फूट-माउथचंही तसंच. त्याचा विषाणू पुरळ गेल्यावरही शीतून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. तोंडातल्या फोडांमुळे मूल पाणीही पीत नसेल, अंगात ताप असेल तर त्याला घरीच ठेवायला हवं, पण ते त्याच्या सोयीसाठी. एक मूल दोन आठवडे घरी बसवल्यानं खोलीतली साथ अडत नाही. ती अडते हात धुण्यानं, डायपर बदलायची जागा खेळायच्या जागेपासून लांब ठेवल्यानं आणि खेळणी रोज धुतल्यानं.

उलट गोवरासारख्या आजारात कितीही कडक वागलं तरी कमीच. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीपासून गोवराची साथ उसळली आणि मुलं दगावली. गोवर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत पसरतो. म्हणजे पुरळ बघून मूल घरी पाठवाल तोवर उशीर झालेला असतो, तिथे लसच कामाला येते. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरी हवंच. पण मी पाहिलेल्या पाळणाघरांत लसीकरणाचं कार्ड प्रवेशाच्या दिवशी एकदा मागितलं गेलं, त्याची झेरॉक्स फाइलला लागली आणि पुढचे डोस झाले का हे पुन्हा कुणी विचारलं नाही. हिरव्या शेंबडाबद्दल मात्र दर आठवड्याला मेसेज. कडकपणा चुकीच्या ठिकाणी खर्च होतोय, हे माझं पाळणाघरांना सांगणं आहे.

हा कडकपणा पालकांना काय शिकवतो ते बघा. सकाळी सात वाजता मूल उठतं, अंग तापलेलं असतं. आठला निघायचं असतं. नवरा-बायको एकमेकांकडे बघतात, दोघांचेही कॉल असतात. पॅरासिटामॉलच्या गुलाबी बाटलीतून पाच एमएल सिरिंजनं गालाच्या आत सोडलं जातं, वर गुळाचा खडा. साडेआठला पाळणाघराच्या दारात बंदुकीसारखा थर्मामीटर कपाळाला लावतात तेव्हा अठ्ठ्याण्णव दिसतं. औषधाचा अंमल चार ते सहा तास. बारा-साडेबाराला, डबा खायच्या वेळी, मूल एकदम मलूल होतं, थरथर कापायला लागतं. सकाळी औषध दिलं होतं हे ताईला माहीत नसल्यानं तीही बिचारी त्याच्या बॅगेतली तीच बाटली काढून पुन्हा डोस द्यायला बघते. शेवटच्या डोसची वेळ माहीत नसणं लहान मुलाच्या बाबतीत धोक्याचं असतं, कारण जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृतावर जातं. इथे खोटं बोलणारी आई निष्काळजी असते असं मला कधीच वाटलं नाही. ती दिवसभर मोबाइल पालथा न ठेवता टेबलावर उताणा ठेवून बसलेली असते. खरं बोलल्यावर ज्या व्यवस्थेत तिचा दिवसाचा पगार जातो, त्या व्यवस्थेनं तिच्याकडून खरेपणाची अपेक्षा ठेवू नये.

डॉक्टरांकडेही याचे पडसाद उमटतात. ‘उद्या सोडता येईल असं काहीतरी द्या’, हे वाक्य बालरोगतज्ज्ञांना रोज ऐकावं लागतं. विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो, तरी ते मागितलं जातं, आणि कधी कधी दिलंही जातं. पाळणाघर ‘फिट’ असल्याचं सर्टिफिकेट मागतं, म्हणून बरं झालेलं मूल घेऊन संध्याकाळी पुन्हा त्याच खोकणाऱ्या वेटिंग रूममध्ये तासभर बसायचं. त्या कागदानं कुणाचं संरक्षण होतं? मला तरी कुणाचंच होताना दिसलेलं नाही.

आणि ताई? तिच्याबद्दल पालक फार कमी बोलतात. मोठ्या मुलाला सवय लागेपर्यंत मला काही सकाळी पाळणाघरातच बसून राहावं लागलं, तेव्हा एक ताई काय काय करते ते नीट पाहता आलं. एक मूल मांडीवर, दुसऱ्याला वाटीतून मऊ खिचडी, तिसरं पायजमा ओला करून उभं. प्रत्येकाचा रुमाल वेगळा, दोरीवर नावाच्या चिमट्याला लावलेला, असा तिथला नियम होता आणि ती तो पाळायची धडपड करायची. पण गळणारी चार नाकं एकदम समोर आली की हाताला लागेल तो रुमाल. दर नाकानंतर तिनं उठून साबणानं हात धुवायचे ठरवले असते तर मुलांना भरवायला वेळच उरला नसता. अशा खोलीत एका तापलेल्या मुलाला कडेवर घेऊन बसायचं म्हणजे बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचं. ‘लगेच या’ या फोनमागे बऱ्याचदा हे असतं. त्यात भीतीही असते. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरातल्या मारहाणीचा व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला, आणि तेव्हापासून पालक कॅमेऱ्यावरून नजर ठेवतात. मुलाला तापात झटका आला, तर दोष कुणावर येणार हे तिला पुरतं ठाऊक असतं.

ती स्वतः आजारी पडते तेव्हा काय होतं, हे तर विचारायलाच हवं. चार-दोन मावश्या आणि ताया ठेवून घरातल्या हॉलमध्ये चालणाऱ्या पाळणाघराला दहा कामगारांचा कायदा लागूच होत नाही. न आलेल्या दिवसाचे पैसे कापले जातात. म्हणून ती खोकत येते, आणि मुलांचं नाक बघून परत पाठवणाऱ्या दारातून तिला मात्र आत घेतात. पालकांच्या फीमधून जागेचं भाडं, खाणं, साफसफाई वजा जाता तिच्या हातात जे पडतं, त्यात तिनं बालरोगांची जाणकारी, रोगप्रसाराचं भान आणि आईची माया हे सगळं द्यावं अशी आपली अपेक्षा असते. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली, तेव्हा लहान मुलांची स्वच्छता आणि तब्येत हा शिक्षणाचाच भाग आहे, असं त्यांनी धरलं होतं. आज आपण ते काम बिनशिक्षणाचं, कुणालाही जमणारं समजतो आणि त्या हिशोबानंच पैसे देतो.

या सगळ्यावर आपल्या समाजाचं ठरलेलं उत्तर एकच असतं: आजी. गावाहून आजीला बोलवून घ्या. मला या उत्तराचा राग येतो, आजीचा अजिबात नाही. साठी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, स्वतःची बीपीची गोळी वेळेवर घ्यायची विसरणाऱ्या बाईला रातराणीनं लातूरहून बोलवायचं आणि आल्या आल्या तापलेलं पोर तिच्या मांडीवर द्यायचं. मुलाच्या तीन दिवसांच्या फ्लूचा आजीला दहा दिवसांचा खोकला होतो. पुन्हा, आजी हे उत्तर ज्यांच्याकडे आहे त्यांचंच उत्तर आहे. जिची आई नाही, जिची सासू अजून दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकाला जाते, जी नवऱ्यापासून वेगळी राहते, तिनं काय करायचं?

बापाचं नाव इतक्या वेळात फारसं आलं नाही, याचं कारण पाळणाघराच्या वहीतही ते दुसऱ्या ओळीत असतं. पहिला फोन आईला. ती मीटिंगमध्ये असली तर पुन्हा आईला. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांच्या देखभालीत रोज सरासरी १४० मिनिटं घालवताना दिसल्या. याच वयाचे पुरुष २१.४ टक्के आणि ७४ मिनिटं. कायदाही याच अंगानं लिहिलेला आहे. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीनं पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली. चांगलं पाऊल होतं. पण दिवसातून चार वेळा मुलाला जाऊन भेटायची मुभा त्या कलमानं फक्त स्त्रीला दिली. राज्य सरकारी नोकरीत २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, आणि पुरुषाला ती मिळते ती पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तरच. धडधाकट बायको असलेल्या बापानं आजारी मुलाजवळ बसणं, ही कल्पनाच सरकारी नियमाला सुचलेली नाही. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिलंय की, मूल झाल्यावर स्त्री-पुरुषांच्या कमाईत जी दरी पडते तिचं मोठं कारण म्हणजे दिवसरात्र हजर राहणाऱ्यालाच भरभरून पैसे देणाऱ्या नोकऱ्या. घरात एकानं तशी नोकरी धरली की दुसऱ्यानं घराच्या हाकेला उभं राहायचं. साडेअकराचा फोन उचलणारी व्यक्ती कोण, यावर पुढच्या वीस वर्षांचा पगार ठरतो.

‘आता घरून काम करता येतं ना’, असं ऑफिसात सहज म्हटलं जातं. तापलेलं दीड वर्षाचं मूल कुशीत घेऊन, माइक म्यूट करून, कॅमेरा बंद ठेवून ज्यांनी क्लायंटचा कॉल केलाय, त्यांनाच याचं उत्तर विचारा. त्या दिवशी काम धड होत नाही आणि मुलाला आईही धड मिळत नाही.

शिवाय घरून काम हे लॅपटॉपवाल्यांचं बोलणं झालं. बांधकामावर विटा उचलणाऱ्या बाईला फोन करणारं पाळणाघरच नसतं. १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं, तिथे धुळीत पडलेली मुलं बघून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर काढलं. त्यातूनच मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली आणि तिचं काम पुढे मुंबईतही आलं. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यानं तीसहून जास्त स्त्री कामगारांमागे, बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यानं पन्नासहून जास्त स्त्रियांमागे पाळणाघराची अट घातली. अट बायका मोजून घातली की मालक बायका कमी दाखवायला शिकतो. आणि पाळणाघर नसलं की आजारी मूल साइटवरच, सिमेंटच्या गोणीच्या सावलीत निजतं. त्या मुलासाठी ‘चोवीस तास’वाला नियम पाळायचा कुणी आणि कुठे?

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला ते गुपित नाही. स्वीडननं १९७४ मध्ये पालकांचा विमा आणला. आज तिथे आजारी मुलासाठी आई-बाप मिळून वर्षाला एका मुलामागे १२० दिवसांपर्यंत घरी राहू शकतात आणि पगाराच्या जवळपास ८० टक्के रक्कम सरकारी विम्यातून मिळते. त्यातले एक तृतीयांशाहून जास्त दिवस बाप घेतात. जर्मनीत २०२४ पासून प्रत्येक पालकाला एका मुलामागे १५ दिवस, एकट्या पालकाला ३०, पैसे आरोग्य विमा देतो. जपानमध्ये एका मुलामागे पाच आणि दोन किंवा जास्त असतील तर दहा दिवसांची रजा मालकाला नाकारता येत नाही. शिवाय तिथे बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याला जोडून आजारी मुलांसाठी वेगळी पाळणाघरं असतात. हिरोकी कोमाझाकी नावाच्या तरुणानं २००४ मध्ये टोकियोत फ्लोरेन्स ही संस्था काढली. त्याची आई दुसऱ्यांची मुलं सांभाळायची, आणि तिच्याकडे मुलं ठेवणाऱ्या एका बाईनं आजारी जुळ्यांसाठी रजा घेतली म्हणून तिची नोकरी गेली होती. फ्लोरेन्सनं आजारी मुलाच्या घरी प्रशिक्षित माणूस पाठवायला सुरुवात केली. आजारी मुलांच्या पाळणाघराबद्दल माझ्या मनात थोडी शंका आहे, कारण तापलेल्या मुलाला त्या दिवशी अनोळखी खोलीपेक्षा आपलं माणूस हवं असतं. पण ज्याला रजाच नाही त्याच्यासाठी पॅरासिटामॉल पाजून खोटं बोलण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

यावर उद्योजकांचा आक्षेप येतो, आणि त्यात तथ्य आहे. सरकारी विम्याबाहेरच्या बाईच्या बाळंतपणाच्या २६ आठवड्यांचा सगळा पगार आपल्या कायद्यानं मालकाच्याच खिशातून द्यायला लावला, आता आजारी मुलाच्या रजेचंही ओझं टाकलं तर लहान कंपन्या तरुण बायकांना नोकरीच देणार नाहीत. हा विस्तव नुसता एका तळहातावरून दुसऱ्यावर टाकून भागणार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारानंही हा खर्च एकट्या मालकावर न टाकता सामाजिक विम्यातून भागवावा असंच धरलेलं आहे. विमा आपल्याकडेही आहे. कर्मचारी राज्य विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जमा होतात. कामगार स्वतः आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. त्याच्या मुलाचं औषधपाणीही ईएसआयच्या दवाखान्यात होतं. म्हणजे मुलाच्या औषधाची जबाबदारी आपण मान्य केली आहे. औषध पाजणाऱ्या माणसाचा दिवस तेवढा मोजलेला नाही.

तो मोजायला हवा. ईएसआयच्या सदस्यांना पाच वर्षांखालच्या मुलाच्या आजारपणासाठी त्याच निधीतून, त्याच ७० टक्क्यांच्या दरानं वर्षाला किमान दहा दिवस मिळावेत. ईएसआयच्या मर्यादेहून जास्त पगारवाल्यांसाठी तेवढीच भरपगारी रजा कायद्यानं यावी. ती आईला वेगळी आणि बापाला वेगळी असावी, एकानं न घेतलेली दुसऱ्याला देता येऊ नये. नाहीतर दोघांच्याही रजा आईच्याच नावावर खर्च होतील. दहा कामगारांची अट काढून पाळणाघरातल्या ताईलाही त्यात घ्यावं, तिच्या स्वतःच्या आजारपणासकट. ज्या दिवशी ताईला खोकत यावं लागणार नाही, त्या दिवशी पाळणाघराला मुलाच्या नाकाबद्दल बोलायचा अधिकार येईल. पाळणाघरांनी आपले नियम एखाद्या बालरोगतज्ज्ञासोबत बसून नव्यानं लिहावेत, लसींचं कार्ड दर सहा महिन्यांनी बघावं, ‘फिट’ सर्टिफिकेट मागणं बंद करावं, आणि सकाळी दारातच विचारावं की रात्री ताप होता का, औषध किती वाजता दिलं. खरं सांगितल्यावर मूल लगेच परत पाठवलं जाणार नाही, दुपारपर्यंत बघू असं म्हटलं जाईल, हा भरवसा मिळाला तर पालक खरं सांगतील. वहीत पहिला फोन कुणाला करायचा हे दर महिन्याला आलटून पालटून लिहायला तर कुठलाही कायदा लागत नाही.

गैरवापर होईल, अशी एक शंका नेहमी निघते. काही जण करतीलही. म्हणून दर तापाला डॉक्टरांचा दाखला मागायचा ठरवलं, तर तोच कागद, तीच गर्दीची वेटिंग रूम आणि तेच खोकणारं मूल पुन्हा सुरू होईल. पहिल्या तीन दिवसांसाठी पालकाचा शब्द पुरेसा मानावा, दाखला चौथ्या दिवसापासून. तीन दिवसांत उतरणाऱ्या तापासाठी कुठल्याही डॉक्टरनं कागद लिहिण्यात वेळ घालवायची गरज नाही.